तीन प्रश्नांची शाळा : मराठवाड्याचा विद्यार्थी, १९२१ ते आज

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यातल्या शाळांत सकाळी झेंडावंदन होते. मुक्तिसंग्रामावर दोन भाषणे होतात, हुतात्म्यांची नावे घेतली जातात, मुलांना खाऊ मिळतो आणि कार्यक्रम संपतो. सोयगाव तालुक्यातल्या मुलाला मात्र त्या दिवशी एक प्रश्न पडू शकतो, जो केज किंवा औंढ्याच्या मुलाला सहसा पडत नाही. सोयगाव छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, अजिंठ्याच्या डोंगररांगेखाली वसलेले आहे. मराठवाड्यातले बहुतेक पाणी गोदावरीला मिळते, इथले तापीकडे जाते. बाजारहाट, दवाखाना, सोयरीक यांसाठी इथली माणसे पाचोरा, जामनेर, जळगावकडे पाहतात. बोलण्यातही खानदेशी वळण येते. अशा मुलाचा मामा शेंदुर्णीला राहत असला, तर त्याला सहज विचारावेसे वाटेल : आज आपल्या शाळेत झेंडा आहे, मामाच्या गावच्या शाळेत का नाही?

या साध्या प्रश्नाचे उत्तर देताना शिक्षकाला इतिहासात शिरावेच लागते. १५ ऑगस्ट १९४७ ला शेंदुर्णी स्वतंत्र झाले, कारण ते ब्रिटिश अमलाखालच्या पूर्व खानदेशात होते. काही मैलांवरचे सोयगाव निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. त्याला आणखी तेरा महिने थांबावे लागले. पण उत्तर इथे संपत नाही. ती सीमा आज नकाशावरून पुसली गेली, तरी तिच्या दोन बाजूंच्या शाळा, रस्ते आणि रोजगार यांत काही फरक उरला आहे का, हा वर्तमानाचा प्रश्न त्याला लागूनच येतो. आणि त्या तेरा महिन्यांत मी पंधरा वर्षांचा असतो, तर काय केले असते, हा तिसरा प्रश्न. तो मुलाने स्वतःला विचारायचा असतो. जुन्या माणसांनी त्याला शीलाचा प्रश्न म्हटले असते.

इतिहास, वर्तमान आणि शील या तीन गोष्टी आपल्या शिक्षणात तीन वेगवेगळ्या तासांना शिकवल्या जातात. इतिहासाला पाठ्यपुस्तक असते, वर्तमानाला सामान्यज्ञानाची प्रश्नमंजूषा आणि शीलाला परिपाठातला सुविचार. मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यांचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहिला, तर एक गोष्ट वारंवार दिसते. हे तीन प्रश्न जेव्हा एकाच वेळी, एकाच गोष्टीविषयी विचारले गेले, तेव्हा विद्यार्थी घडले. जेव्हा त्यांची फारकत झाली, तेव्हा इतिहास नुसता अभिमान होऊन बसला आणि त्या अभिमानाने अनर्थही केले. प्रस्तुत लेखात या दोन्ही बाजू पाहायच्या आहेत.

हिप्परग्याची शाळा

हैदराबाद संस्थानातल्या मराठी मुलाची शैक्षणिक स्थिती आधी लक्षात घ्यायला हवी. मराठवाड्याचे पाच जिल्हे म्हणजे औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती आणि वरच्या शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते. १९१८ मध्ये स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ हे भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देणारे देशातले पहिले आधुनिक विद्यापीठ. त्याने शास्त्रीय ग्रंथांची भाषांतरे करवली, परिभाषा घडवली. हे काम मोठे होते आणि ते मान्य केले पाहिजे. पण संस्थानातल्या बहुसंख्य प्रजेची मातृभाषा तेलुगू, मराठी किंवा कन्नड होती. खेड्यातल्या मराठी मुलाला परक्या भाषेचा उंबरठा ओलांडल्याशिवाय पुढे जाता येत नसे. खाजगी शाळा काढायलाही सरकारी परवानगी लागे. १९२९ च्या ‘गश्ती निशान त्रेपन्न’ने जाहीर सभांवर पूर्वपरवानगीचे बंधन घातले, त्यामुळे विचार बोलून दाखवण्याची जागाही आकसली.

या वातावरणात उस्मानाबाद जिल्ह्यातल्या हिप्परग्याला १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा सुरू झाली. असहकाराच्या लाटेत ब्रिटिश हिंदुस्थानात अशा शाळा बऱ्याच निघाल्या आणि बऱ्याच बंदही पडल्या. हिप्परग्याची शाळा टिकली. १९२९ च्या सुमारास तिथे व्यंकटेश भगवानराव खेडगीकर नावाचा तरुण मुख्याध्यापक म्हणून आला. तोच पुढे संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाला. लोकमान्य टिळकांच्या निधनानंतर विद्यार्थिदशेतच त्याने आयुष्य देशसेवेला वाहण्याचा संकल्प केला होता. अमळनेर आणि पुण्यात शिक्षण, मग कामगार चळवळीतला अनुभव, आणि त्यानंतर हे आडवळणाचे खेडे.

स्वामीजींना आपण मुक्तिसंग्रामाचे सेनानी म्हणून ओळखतो. ते कित्येक वर्षे शाळामास्तर होते, हे त्या ओळखीत झाकले जाते. हिप्परग्यात आणि १९३५ पासून अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत त्यांनी मुलांना शिकवले. आश्रमासारखी राहणी, शिक्षक आणि विद्यार्थी यांचे एकत्र जगणे, शरीरश्रम आणि वाचन असा तो प्रपंच होता. तिथे इतिहास शिकवणाऱ्याचे स्वतःचे राहणे मुलांच्या डोळ्यांसमोर होते. साधेपणावरचा धडा शिकवून शिक्षक गाडीत बसून निघून गेला, असे तिथे होऊ शकत नव्हते. पुढे स्टेट काँग्रेसच्या लढ्याला जे कार्यकर्ते मिळाले, त्यांतले अनेक जण या शाळांच्या वर्गांतून आले. सप्टेंबर १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर ती स्थापन होण्याआधीच बंदी आली. ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामीजी तुरुंगात गेले. वर्गात मांडलेल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकाने असे स्वतः दिले.

वर्तमानाचे शिक्षण या काळात वर्तमानपत्रांतून होत होते, तेही सीमेपलीकडून. आ. कृ. वाघमारे यांचे ‘मराठवाडा’ साप्ताहिक पुण्याहून निघे, कारण संस्थानात असे पत्र चालवणे अशक्य होते. त्यावर बंदी आली की ते दुसऱ्या नावाने निघे. सोयगावसारख्या गावांचे महत्त्व इथे कळते. ज्या पायवाटेने कापूस खानदेशच्या बाजारात जात होता, त्याच वाटेने पलीकडची बातमी अलीकडे येऊ शकत होती. सीमेवरच्या माणसाला दोन राज्ये रोज शेजारी शेजारी दिसत. एकीकडे निवडून आलेल्या प्रांतिक सरकारचे १९३७ नंतरचे दिवस, तर दुसरीकडे सभेसाठीही अर्ज. तुलना करायला त्याला पुस्तकाची गरज नव्हती.

१९३८ : वसतिगृहातली परीक्षा

नोव्हेंबर १९३८ मध्ये उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांतल्या हिंदू विद्यार्थ्यांना प्रार्थनेच्या जागी ‘वंदे मातरम्’ म्हणायला मनाई झाली. औरंगाबादचे इंटरमीजिएट कॉलेज त्याच विद्यापीठाशी जोडलेले होते, तिथेही हा संघर्ष पेटला. विद्यार्थ्यांनी माघार घेतली नाही. त्यांना वसतिगृहांतून आणि मग महाविद्यालयांतून काढून टाकण्यात आले. चळवळ वारंगळ, गुलबर्गा अशा संस्थानातल्या इतर शिक्षणकेंद्रांत पसरली आणि शेकडो विद्यार्थी शिक्षणाला मुकले.

आज त्या घटनेकडे पाहताना आपण गाण्यापाशी थांबतो. त्या मुलांसमोरची निवड मात्र फार रोकडी होती. संस्थानात पदवी म्हणजे सरकारी नोकरी आणि नोकरी म्हणजे सगळ्या घराचा आधार. खेड्यातल्या बापाने शेत गहाण टाकून मुलाला शिकायला धाडलेले असे. माफी लिहून दिली तर वर्ष वाचणार आणि घर वाचणार. ती न देणाऱ्यांनी काय गमावायची तयारी ठेवली होती, हे ध्यानात घेतल्याशिवाय त्या चळवळीचे मोल कळत नाही. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी या मुलांसाठी आपल्या विद्यापीठाचे दरवाजे उघडले, म्हणून अनेकांचे शिक्षण पूर्ण झाले. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे याच चळवळीतले विद्यार्थी. एका कुलगुरूने नियमांच्या चौकटीत राहून घेतलेला हा निर्णय हादेखील शीलाच्या इतिहासाचा भाग आहे, पण मुक्तिसंग्रामाच्या भाषणांत केदारांचे नाव क्वचितच येते.

वर्गात ही घटना शिकवायची, तर तिच्या अवघड बाजूही मुलांपुढे ठेवल्या पाहिजेत. त्याच्या एकच वर्ष आधी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, काँग्रेस कार्यसमितीने मुस्लिमांच्या आक्षेपांचा विचार करून ‘वंदे मातरम्’ची पहिली दोनच कडवी सभांत म्हणावीत असे ठरवले होते. म्हणजे त्या गाण्याविषयीचा प्रश्न खुद्द राष्ट्रीय चळवळीतही विचारपूर्वक हाताळला जात होता. आक्षेप कोणते होते, ते का घेतले गेले, आणि तरीही वसतिगृहातली बंदी अन्याय्य का ठरते, असे तिन्ही प्रश्न विद्यार्थ्याने विचारले पाहिजेत. तसेच जे विद्यार्थी महाविद्यालयात राहिले, त्यांच्याविषयीही विचारले पाहिजे. त्या सगळ्यांना भ्याड म्हणणे सोपे आहे. घरच्या गहाण शेताचा विचार करून राहिलेल्या मुलाला आपण काय म्हणू, हे ठरवणे कठीण आहे. त्या कठीण जागी थांबल्यावर विद्यार्थी खरा विचार करू लागतो.

१७ सप्टेंबरनंतरचे दिवस

मुक्तिसंग्रामाच्या कथनात रझाकार येतात आणि यायलाच हवेत. लातूरचा वकील कासीम रझवी याच्या नेतृत्वाखाली रझाकारांनी १९४७-४८ मध्ये गावे लुटली, माणसे मारली. सीमेवर ठिकठिकाणी स्टेट काँग्रेसच्या छावण्या उभ्या राहिल्या. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली.

या कथनात दोन गोष्टी सहसा गाळल्या जातात. पहिली गोष्ट ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबउल्ला खान यांची. हैदराबादने भारतात विलीन व्हावे, असे ते लिहीत होते. धमक्या आल्या तरी लेखणी थांबली नाही. २२ ऑगस्ट १९४८ च्या रात्री रझाकारांनी त्यांची हत्या केली. त्यांच्या खुनात त्यांचा हातही तोडण्यात आला. हा लढा एका धर्माचा दुसऱ्या धर्माशी होता, असे ज्या विद्यार्थ्याला सांगितले गेले आहे, त्याने शोएबउल्ला खान हे नाव ऐकले पाहिजे.

दुसरी गोष्ट अधिक जड आहे. पोलीस कारवाईनंतरच्या आठवड्यांत संस्थानाच्या काही भागांत मुस्लिम वस्त्यांवर सूडाचे हल्ले झाले. पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली भारत सरकारने पाठवलेल्या शिष्टमंडळाने १९४८ च्या अखेरीस दौरा करून अहवाल दिला. उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्गा हे जिल्हे सर्वाधिक होरपळले, असे त्यात म्हटले होते आणि बळींचा अंदाज हजारोंमध्ये, किमान सत्तावीस ते चाळीस हजार असा दिला होता. तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. त्याच अहवालात हिंदू शेजाऱ्यांनी मुस्लिम कुटुंबांना आसरा दिल्याचेही नोंदले आहे. या आकड्यांबाबत अभ्यासकांमध्ये मतभेद असू शकतात आणि ते असावेतही. पण हा विषयच मुलांपुढे न ठेवणे म्हणजे त्यांना अर्धा इतिहास देणे आहे. मुक्तीचा आनंद खरा होता आणि त्यानंतरचे रक्तही खरे होते. ज्याला दोन्ही सत्ये एकत्र धरता येत नाहीत, त्याच्या हाती इतिहास हत्यार होतो.

शत्रूच्या किंवा आपल्याच गावाच्या इतिहासातले हे कोपरे विद्यार्थ्यांनी उघडणे जगात नवीन नाही. पश्चिम जर्मनीत १९७३ पासून शाळकरी मुलांसाठी राष्ट्राध्यक्षांच्या नावाने इतिहास स्पर्धा सुरू झाली. मुलांनी आपल्याच गावाचा भूतकाळ शोधून लिहायचा, अशी तिची पद्धत होती. पासाऊ शहरातल्या आना रोसमुस या मुलीने नाझी काळातल्या आपल्या शहराविषयी निबंध लिहायला घेतला आणि ज्यांना आपण प्रतिष्ठित म्हणून ओळखत होतो त्यांतले काही जण त्या काळात काय करत होते, हे तिला कळत गेले. शहराने तिला शिव्या दिल्या, धमक्या दिल्या. तरीही तिने १९८३ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. तिच्या कामावर पुढे चित्रपटही निघाला. तिला कोणी उत्तर शिकवले नव्हते. स्पर्धेने तिला फक्त एक प्रश्न दिला होता आणि त्याच्यासाठी दारोदार जायची परवानगी.

मिलिंदचे नाव

हैदराबाद मुक्त झाल्यावर दोन वर्षांनी, जून १९५० मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. महाविद्यालयाच्या परिसराला नागसेनवन आणि महाविद्यालयाला मिलिंद हे नाव मिळाले.

या नावाची निवड आपण सहजपणे घेतो. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. सागल नगरीत राज्य करणारा हा राजा विद्वानांना प्रश्न विचारून निरुत्तर करी. अखेर भिक्षू नागसेनाने त्याच्या प्रश्नांची उत्तरे दिली आणि राजाने ती मानली. ‘मिलिंदपञ्ह’ हा ग्रंथ त्या संवादाचा. शिक्षणसंस्थेला देवाचे, दात्याचे किंवा राज्यकर्त्याचे नाव देण्याच्या देशात बाबासाहेबांनी प्रश्न विचारणाऱ्याचे नाव निवडले, आणि परिसराला नाव दिले उत्तर देणाऱ्याचे. शिवाय या राजाचे वैशिष्ट्य असे की, पटल्यावर त्याने हार मान्य केली. प्रश्न विचारण्याची हिंमत आणि पटलेले स्वीकारण्याचा प्रामाणिकपणा, दोन्ही एका नावात आले. शीलावाचून शिक्षण घातक ठरते, हे बाबासाहेब विद्यार्थ्यांना सतत बजावत.

प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्या काळात या महाविद्यालयात जे घडले, ते मराठी साहित्याच्या वाचकांना ठाऊक आहे. चिटणिसांचे ‘युगयात्रा’ नाटक अस्पृश्यांच्या दुःखाची परंपरा युगायुगांतून मांडते. तिथेच शिकवणाऱ्या गंगाधर पानतावण्यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस ‘अस्मितादर्श’ सुरू केले आणि दलित साहित्याला व्यासपीठ दिले. वसतिगृहात राहणाऱ्या, पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलांना इथे कळले की, आपल्या आईबापांचे आयुष्य हाही इतिहास आहे आणि तो लिहिण्याचा अधिकार आपला आहे. हिप्परग्याच्या मुलाला परकीय सत्तेविषयी प्रश्न विचारायला शिकवले गेले. मिलिंदच्या मुलाने प्रश्न विचारला तो आपल्याच गावाला. हा दुसरा प्रश्न अधिक अवघड होता.

जेव्हा फारकत झाली

१९७४ मध्ये मराठवाडा विकास आंदोलनात विद्यार्थी रस्त्यावर आले. नोकऱ्या, सिंचन, रुंदमापी रेल्वे या मागण्या रास्त होत्या. वसमतला पोलिसांच्या गोळीबारात तरुणांचे बळी गेले. प्रदेशाचा अनुशेष हा वर्तमानाचा प्रश्न त्या पिढीने नेमका ओळखला होता आणि १९३८ चा वारसा आपण चालवतो आहोत, असा तिचा विश्वास होता.

चारच वर्षांनी, २७ जुलै १९७८ ला, विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. गावोगावी दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे मारली गेली, कुटुंबे परागंदा झाली. विरोधाच्या आंदोलनात विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. मुक्तिसंग्रामातली काही ज्येष्ठ माणसेही नामांतराच्या विरोधात उभी होती. प्रदेशाच्या अस्मितेचा मुद्दा पुढे केला जात होता. नामांतराच्या बाजूनेही विद्यार्थी होते, त्यांत युवक क्रांती दलाचे सवर्ण तरुणही होते आणि त्यांनी स्वकीयांचा रोष पत्करला. अखेर १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. ठरावापासून साडेपंधरा वर्षे गेली होती.

विद्यापीठाला कोणते नाव असावे यावर मतभेद असणे हा गुन्हा नव्हे. प्रश्न वेगळा आहे. ज्या पिढीने १९३८ च्या गोष्टी अभिमानाने ऐकल्या होत्या, तिच्यातले तरुण शेजाऱ्याचे घर जळताना गप्प कसे राहिले, काही जण त्यात सामील कसे झाले? इतिहास त्यांना माहीत होता. वर्तमानाविषयी ते जागरूक होते. कमी पडला तो तिसरा प्रश्न. अन्याय कोणी केला, हे विचारायची त्यांना सवय होती. अन्याय करणाऱ्यांत मी तर नाही ना, हे विचारायची सवय लागलेली नव्हती. १९३८ च्या विद्यार्थ्याला सत्ता समोर दिसत होती. १९७८ च्या विद्यार्थ्याच्या गावात ती त्याच्या स्वतःच्या वाड्यात राहत होती.

म्हणून नुसता इतिहास शिकवून विद्यार्थी घडत नाही, हे मराठवाड्याने किंमत मोजून शिकलेले सत्य आहे. मुक्तिसंग्रामाच्या भाषणांत हे सत्य सांगितले जात नाही, कारण त्या दिवशी आपल्याला फक्त विजेत्यांची लेकरे व्हायचे असते.

सोयगावात काय आहे

आता पुन्हा सोयगावकडे. शिक्षकाने म्हणावे, आमच्या आडतालुक्यात हे सगळे कसे शिकवायचे? तर वस्तुस्थिती अशी की, फार थोड्या तालुक्यांना सोयगावइतकी सामग्री हाताशी आहे.

अजिंठ्याची लेणी याच तालुक्यात येतात. दहाव्या लेण्यातल्या एका खांबावर जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ ही तारीख आणि आपले नाव कोरले आहे. जगाला लेण्यांचा नव्याने पत्ता लागल्याची ती खूण. ज्या खांबावर ती आहे, त्यावर चित्र होते. त्याच डोंगराच्या सोळाव्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा पाचव्या शतकातला लेख आहे. दान कोणी दिले आणि कोणासाठी, हे त्यात सांगितले आहे. याच वराहदेवाचा दुसरा लेख जंजाळा गावाजवळच्या घटोत्कच लेण्यात आहे. त्यात त्याने आपल्या घराण्याची वंशावळ दिली आहे. ती वंशावळ ब्राह्मण पूर्वजांपासून सुरू होते आणि दान आहे बौद्ध संघाला.

मुलांना या दोन लेखांपुढे उभे करावे. एकाने देऊन नाव कोरले, दुसऱ्याने पाहून. हा झाला इतिहास. मग त्यांना आजूबाजूला पाहायला सांगावे. किल्ल्यांच्या भिंतींवर, मंदिरांच्या ओवऱ्यांत, सोयगावजवळच्या वेताळवाडीच्या किल्ल्यावर गेल्यास तिथेही, लोकांनी खडूने आणि दगडाने काय काय लिहून ठेवले आहे, ते टिपून आणावे. हे वर्तमान. आणि शेवटी विचारावे, यांतल्या कोणत्या नावांत तुझे नाव आहे? ‘ऐतिहासिक वास्तूंचे जतन करा’ हा सुविचार फळ्यावर वर्षभर लिहून जे होत नाही, ते या एका प्रश्नाने होऊ शकते, कारण त्याचे उत्तर मुलालाच द्यायचे असते आणि खोटे दिले तरी ते त्यालाच कळते.

वराहदेवाच्या लेखावरही असेच बोलता येते. ब्राह्मण घराण्याची वंशावळ सांगणारा मंत्री भिक्षूंसाठी लेणे कोरवतो, या गोष्टीत त्याच्या काळाविषयी काय कळते? आपल्या गावात दुसऱ्या पंथाच्या, दुसऱ्या जातीच्या कामाला वर्गणी देणारी माणसे किती? मी देईन का? शिक्षकाने यावर निकाल देऊ नये. मुलांचे बोलणे ऐकून घ्यावे.

सीमा तर पायाखालीच आहे. जुनी हद्द कुठून जात होती, नाका कुठे होता, तिच्या दोन्ही बाजूंच्या दोन गावांत पहिली माध्यमिक शाळा कधी निघाली, हे मुलांनी दोन्हीकडच्या म्हाताऱ्या माणसांना आणि शाळांच्या जुन्या दप्तरांना विचारून काढावे. निजामी राजवटीमुळे आपण मागे राहिलो, हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येते. ते कितपत खरे आहे आणि १९५६ ला मुंबई राज्यात, १९६० ला महाराष्ट्रात आल्यानंतरच्या मागासपणाचा हिशेब कोणाकडे मागायचा, हे मुलांना स्वतः मोजून पाहता येईल. जिल्ह्याचे नाव बदलले, रस्त्याकडेच्या पाट्या बदलल्या. नाव बदलल्याने काय बदलते आणि काय बदलत नाही, हाही या पिढीच्या डोळ्यांसमोर घडलेला इतिहास आहे. त्यावर वर्गात शांतपणे बोलता आले पाहिजे.

यात अडचणी नाहीत असे नाही. १९४८ किंवा १९७८ चा विषय काढला की, गावात कोणाच्या तरी आजोबाचे नाव निघते. शिक्षकाला त्याच गावात राहायचे असते, बदलीची भीती असते, पालकांची तक्रार असते. म्हणूनच हा प्रश्न पहिल्यांदा शिक्षकाच्या शीलाचा आहे. हिप्परग्यातल्या मास्तरांना तुरुंग पत्करावा लागला. आजच्या मास्तरांना तेवढे करायचे नाही. एका तासाची अस्वस्थता पत्करायची आहे, आणि आपल्यालाही उत्तर माहीत नाही असे मुलांसमोर म्हणायचे आहे.

मुक्तिसंग्रामाला २०२३ मध्ये पंचाहत्तर वर्षे झाली. १९४८ मध्ये जी मुले पंधरा वर्षांची होती, त्यांनी आज नव्वदी ओलांडली आहे. गावात असे कोणी असतील तर फार थोडे असतील. १९७८ ला जे अठरा वर्षांचे होते, ते आता पासष्टीच्या पुढे आहेत आणि पारावर भेटतात. त्यांच्यापैकी काहींची घरे जळली, काहींनी ती जळताना पाहिली, काहींनी आसरा दिला, आणि काहींजवळ आजवर कोणाला न सांगितलेले काही असेल. त्यांना विचारायला मोठ्या अनुदानाची, प्रकल्पाची गरज नाही. आठवी-नववीतली चार मुले, एक वही आणि संध्याकाळचा एक तास पुरेसा आहे. येत्या दिवाळीच्या सुट्टीत हे काम सुरू करता येईल. पुढच्या दहा वर्षांत ते करता येईलच, याची खात्री कोणी देऊ शकत नाही.